कडुनिंबाची अख्खी फळी

कडुनिंबाची ती फळी रंधा मशीनच्या तोंडात जात नव्हती. मशीनचं तोंड बारा इंचांचं, फळी वीस इंच रुंद. धर्मेंद्रने ती आडवी धरून पाहिली, तिरपी धरून पाहिली, शेवटी तिच्याकडे रागाने बघूनही पाहिलं. फळी काही अरुंद झाली नाही.

नागपूरच्या सक्करदऱ्यातला त्याचा फर्निचरचा कारखाना म्हणजे एक लांब पत्र्याचं शेड. नवतपा लागलेला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. कूलर एकच आणि तोही मालकाच्या खुर्चीमागे, त्यामुळे कामगारांच्या वाट्याला त्याचा फक्त आवाज यायचा.

"मधून चिरू," लहानू मिस्त्री म्हणाला. तो तिथला सगळ्यात जुना कारागीर. "दोन तुकडे मशीनमधून काढू, मंग गोंदानं जोडून देऊ. कोणाले समजते?"

"मला समजेल," अरुंधती मॅडम म्हणाल्या.

त्या धरमपेठेतल्या. त्यांच्या अंगणातला कडुनिंब तीन वर्षांपूर्वी वादळात पडला, बाकीचं लाकूड तोडणाऱ्यांनी नेलं आणि एवढी एक फळी त्यांनी हट्टाने ठेवून घेतली होती. पोर्चमध्ये तीन उन्हाळे वाळलेली. तिचं छोटं टेबल करायचं होतं. खालची लोखंडी चौकट तयार होती, तिच्यात बरोबर एक इंच जाडीची फळी बसणार होती. "मला अख्खी हवी आहे. चिरायची असेल तर मी परत नेते."

कोपऱ्यात कपाटाचं दार घासत बसलेली कौसल्या हे सगळं ऐकत होती. सहा वर्षं ती इथे पॉलिश पेपर घासत होती, ती आणि कांताबाई. बायकांनी घासायचं आणि पुरुषांनी बाकड्यापाशी उभं राहून कापायचं, रंधायचं, ठोकायचं, असा तिथला कायदा. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून मोडायचीही सोय नव्हती. कौसल्याचे वडील भिवापूरकडे दारं-चौकटी करायचे. मोठ्या रंध्याला पुढून दोरी बांधायची. बाप मागून ढकलणार, लेक पुढून ओढणार. दहाव्या वर्षापासून ती ओढत होती आणि पंधराव्या वर्षी बाप दमला की जागा बदलून ढकलतही होती. बाप गेल्यावर तिने रंधा आणि लाकूड तासायचा वाकस मागून घेतला. नातेवाईक म्हणाले, बाईमाणूस हत्यारं नेऊन काय करणार? ती म्हणाली, ठेवीन. आणि खरंच, वीस वर्षं नुसती ठेवली.

"हातानं रंधून होते ना ते," ती म्हणाली.

दोघे-तिघे हसले. लहानू मिस्त्री हसला नाही, पण त्याने मान हलवली. "हातानं? अवं बाई, कडुनिंब हाये तो. एक रेषा इकडं जाते, दुसरी उलटी येते. रंधा मारला का सालपटं निघतात. अन् पीळ पाह्य केवढा पडला त्याले." तो खोटं बोलत नव्हता. फळी फरशीवर ठेवली की दोन कोपऱ्यांवर डुगडुगत होती.

धर्मेंद्रने मॅडमकडे पाहिलं, मग कौसल्याकडे. गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. "करशीन तू?"

"करीन."

"अन् बिघडली त?"

"त मी पुन्हा येणार नाही."

"बरं. अन् झाली त?"

हे विचारेल असं तिला वाटलं नव्हतं. हातातला पॉलिश पेपर तिने खाली ठेवला. "झाली त मले बाकडं पाहिजे. कारागीर म्हून."

कांताबाईने तिची साडी मागून ओढली, पण शब्द तोंडातून गेले होते. धर्मेंद्र म्हणाला, "सोमवारी सकाळी आण. घरी ने, इथं जागा नाही." मॅडम फक्त एवढंच म्हणाल्या, "जपून हं बाई. आमच्याकडे दुसरी नाही."

उमरेडच्या बसमध्ये फळी चढवताना कंडक्टरने हात आडवा घातला.

"हे काय हाये?"

"टेबल हाये, भाऊ."

"कुठं हाये टेबल?"

"आत हाये. काढायचं बाकी हाये."

कंडक्टरला हसू आलं आणि हसणाऱ्या कंडक्टरला नाही म्हणता येत नाही. दीड तास फळी तिच्या मांडीला टेकून बसली होती. मांडी सुन्न झाली तरी तिने फळी खाली ठेवली नाही.

उमरेडजवळच्या गावात, घरी प्रेमानंद बाजेवर पडलेला होता. तिचा नवरा गवंडी. महिनाभर विहिरी कोरड्या, टँकरचं पाणी पिण्यालाच पुरत नव्हतं, मग बांधकामावर कोण ओतणार? सगळी कामं बंद. रिकामा बसलेला गवंडी घरभर भेगा शोधत फिरतो, तसं त्याचं चाललं होतं. बायकोने काय पैज लावून आणली ते ऐकून तो उठून बसला.

"अवं, तुले येड लागलं काय? नोकरी घालवशीन."

"घालवीन त घालवीन. दोरी ओढाल काय?"

त्याने फळीकडे पाहिलं, रंध्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं, जे महिनाभर रिकामे होते. "कोणतं टोक धरू, सांग," तो म्हणाला.

शुक्रवारी पहाटे उजाडताच त्यांनी अंगणातल्या मांडवाखाली गवंडीकामाच्या दोन लाकडी घोड्या मांडल्या, त्यांवर सेंट्रिंगच्या जाड फळ्या टाकल्या, हे झालं बाकडं. प्लास्टर सपाट करायच्या प्रेमानंदच्या दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या होत्या. कौसल्याने एक फळीच्या या टोकाला आडवी ठेवली, एक त्या टोकाला, आणि गुडघे टेकून एका डोळ्याने पुढच्या पट्टीवरून मागची पाहिली. मागची एका बाजूने चांगली अर्धा इंच वर होती. एवढा पीळ.

"गवंडीकाम शिकली काय वं?" प्रेमानंद म्हणाला. आपली पट्टी बायकोच्या कामाला आलेली पाहून त्याला बरं वाटलं होतं, ते त्याने लपवलं नाही.

डुगडुगणाऱ्या कोपऱ्यांखाली तिने पाचरी सारल्या, उंच कोपऱ्यांवर गेरूने रेघा ओढल्या आणि रंधा तिरपा लावला. रेषेच्या दिशेने गेली असती तर लहानू मिस्त्री म्हणाला तेच झालं असतं. ती आडवी गेली, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. सालपट न निघता जाड, आखूड चुरा निघू लागला.

पहिला तासभर नवराबायको भांडलेच. तो खेचायचा, ती मागून फरफटत यायची.

"अवो, ओढा. पळवू नका!"

"ओढूनच राहिलो ना बापा!"

"मी ढकलतो म्हणली का ओढायचं. आधी नाही."

मग कधीतरी जमलं. तिचा श्वास सुटला की तो ओढायचा. दहा वाजेपर्यंत उंच कोपरे अर्धे खाली आले होते. कडुनिंबाची धूळ नाकात, घशात, ओठांवर. पाणी प्यायली तर पाणी कडू, भाकरीचा तुकडा मोडला तर बोटांनी भाकरी कडू. दुपारी अंगणात कुत्रंही उभं राहत नव्हतं, तेव्हा दोघं आत पडून राहिले. तिच्या खांद्यातून कळा येत होत्या. ऊन कलल्यावर पुन्हा सुरू. सात वाजता तिने चारी बाजूंनी आणि दोन्ही कर्णांवर पट्टी उभी धरली आणि पट्टीखालून उजेड आला नाही. एक बाजू सपाट झाली. वीस वर्षांनी तिच्या हाताने एक लाकूड सपाट झालं होतं. तिला इतका आनंद झाला की रात्री जेवताना ती कारण नसताना दोनदा हसली.

शनिवारी जाडी उतरवायची. सुतार इंचाचे आठ सूत धरतात. फळीचे अजून सोळा सूत शिल्लक होते आणि आठच ठेवायचे होते. एवढं रंध्याने उतरवत बसलं तर आठवडा गेला असता. तिने सपाट बाजू खाली घातली, करवतीने वरून आडवे खाचे घेतले, मग साडी गुडघ्यापर्यंत खोचून फळीवर उभी राहिली आणि दोन पायांच्या मधे वाकस चालवू लागली. बाजूला उभी असलेली शेजारीण डोळे झाकून म्हणाली, "जय भीम वं बाई, मी चालली, मले हे पाहावत नाही." खाच ते खाच एकेक ढलपी उडत होती. अकरा सुतांवर ती थांबली आणि रंधा घेतला.

चौथ्याच फेरीला खट् झालं.

खिळा. अंगणातलं झाड, कधीकाळी कोणी कपड्यांची दोरी बांधायला ठोकलेला आणि झाडाने गिळलेला. लाकडात आडवाच रुतलेला तो बोटभर काळा खिळा चिमट्याने निघाला, पण रंध्याच्या पात्याला चांगली खोच पडली. असं पातं चालवलं तर प्रत्येक फेरीला रेघ उठली असती.

"उमरेडले जाऊन धार लावून आणतो मी," प्रेमानंद म्हणाला.

"नको. किती घासायचं ते मीच सांगीन." पातं फडक्यात गुंडाळून ती बसला गेली. धार लावणाऱ्याकडे वीज नव्हती. वीज यायला दीड वाजला.

इकडे प्रेमानंद फळीजवळ बसला होता. वारा भट्टीतून आल्यासारखा. अकराच्या सुमारास त्याला फळीच्या टोकाला केसाएवढी बारीक चीर दिसली, मग दुसरी. गवंड्याला उन्हाळ्यात एकच भीती असते: माल झपाट्याने वाळला की तडकतो. आणि त्यावर एकच औषध असतं: तराई, म्हणजे पाणी मारत राहणं. रांजणातलं प्यायचं पाणी काढून त्याने दोन बारदानं भिजवली, फळीवर अंथरली आणि दर अर्ध्या तासाने वरून शिंपडत राहिला. स्वतः मात्र पाणी जपून प्यायला.

तीन वाजता कौसल्या आली.

"हे काय केलं?"

"तराई केली. तडकून राहिली होती ती."

तिने बारदान उचललं. चिरा वरवरच्या, रंध्याखाली जाणाऱ्याच होत्या; पण वरचा भाग पाणी पिऊन फुगला होता आणि सगळी फळी पालथ्या सुपासारखी मधे उचलली गेली होती. तिने ती उलटवली, काल सपाट केलेल्या बाजूवर पट्टी ठेवली. मधे खालून तीन सूत उजेड. करंगळी आत जात होती.

"हे सिमेंट हाये काय?" ती ओरडली. "सिमेंट हाये काय हे? लाकडाले एका अंगानं पाणी पाजते काय कोणी?"

"मले काय मालूम? मी त चांगल्यासाठी…"

"चांगल्यासाठी!" ती तिथेच मातीत बसली आणि रडली. पैजेसाठी रडली, खांद्यासाठी रडली. अकरा सुतांतले तीन असेच गेले तर आठ उरतात आणि वाकसाचे घाव काढायला काहीच उरत नाही, हे गणित तिला रडतानाही येत होतं. प्रेमानंद समोर उभा होता. नवरा म्हणून त्याने काही बोलायला हवं होतं, पण गवंडी म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्याची तराई चुकली होती.

शेवटी तोच हळू आवाजात म्हणाला, "एका अंगानं पाजलं म्हून वाकली ना? मंग दुसऱ्या अंगानं पाजली त?"

तिने नाक पुसलं आणि त्याच्याकडे पाहिलं. तिच्या बापानेही एकदा दाराची फळी अशीच सरळ केली होती, ओल्या मातीवर ठेवून. रागात तिला ते आठवलंच नव्हतं.

"पाजायची, पण थोडी," ती म्हणाली. "अन् शिंपडायचं नाही. हात मागं बांधून बसा."

रांजणाभोवतीची माती ओलसर असते. तिथे तिने कोरडी बाजू खाली करून फळी ठेवली, फुगलेली बाजू वर, उन्हाला. आता खालून ओल चढणार आणि वरून उतरणार. अर्ध्या-अर्ध्या तासाने ती पट्टी लावून पाहत होती. तीन सूत. तीन. अडीच. ऊन कलेपर्यंत दोन झाले. मग तिने फळी उचलली आणि घरात भिंतीपासून दूर, दोन विटांवर कडेवर उभी केली, दोन्ही अंगांनी सारखा वारा लागावा म्हणून. प्रेमानंद पाणी न घालता, नुसत्या वाऱ्यासाठी कूलर लावायला गेला आणि तिने एक नजर टाकल्यावर परत फिरला. त्या रात्री दोघं कूलरशिवाय अंगणात झोपले. नवतप्यात नागपूरकडचा माणूस याहून मोठा त्याग करू शकत नाही.

रविवारी सकाळी वाक एक सूत राहिला होता. तिने हात लावला नाही. दुपारीही नाही. प्रेमानंद येरझाऱ्या घालत होता. "अवं, आजचाच दिवस हाये."

"तिले स्थिर होऊ द्या. आत्ता रंधली त उद्या पुन्हा वाकीन."

चार वाजता फळी तेवढीच होती. ना कमी, ना जास्त. मग तिने पदर कमरेला घट्ट खोचला. प्रेमानंदने न सांगता दोरी हातात घेतली. पातं नव्या धारेचं होतं. कालपर्यंत चुरा निघत होता, आता कांद्याच्या पापुद्र्यासारखी सालं निघू लागली. पहिली बाजू सपाट झाली. तिने पातळ लाकडात खिळा ठोकून केलेल्या मापाने चारी कडांवर एक इंचाची रेघ ओढली आणि फळी उलटवली. रेघेच्या वर दोन सूत होतं, एका कोपऱ्यात जेमतेम एक, आणि त्याच कोपऱ्यात वाकसाचा सगळ्यात खोल घाव.

त्या कोपऱ्याशी आल्यावर ती म्हणाली, "आता दोरी सोडा. हे एकटीनं करावं लागीन."

प्रेमानंद बाजूला झाला. तिने पातं केसाएवढं आत घेतलं. एक फेरी. घाव दिसत होता. दुसरी. अजून दिसत होता. इथे रेषा उलटी फिरत होती. तिने रंधा वळवून दुसऱ्या बाजूने आणला. तिसरी फेरी, चौथी. रेघ अगदी टोकावर आली होती. पाचव्या फेरीला लांब, अखंड साल निघालं आणि घाव त्या सालाबरोबर गेला. रेघ तेवढी शिल्लक राहिली. कौसल्याने रंधा आडवा ठेवला आणि फळीवर दोन्ही हात पसरून तशीच वाकून राहिली.

"झालं काय?" प्रेमानंदने विचारलं.

"या, हात फिरवा."

त्याने आधी हात धोतराला पुसले, मग फिरवला. आयुष्यभर भिंती सपाट केलेला माणूस तो. पण हे असं त्याच्या हाताखाली कधी आलं नव्हतं. "बापा," तो एवढंच म्हणाला आणि पुन्हा फिरवला.

सोमवारी प्रेमानंद हट्टाने बरोबर आला. फळी चादरीत गुंडाळून त्याने स्वतः नेली आणि कारखान्याच्या दाराशी तिच्या हाती देऊन बाहेर चहाच्या टपरीवर थांबला.

अरुंधती मॅडम आधीच आल्या होत्या. धर्मेंद्रने चादर काढली आणि लोखंडी पट्टी मागवली. आडवी लावली, उभी लावली, कर्णावर लावली. वाकून उजेड शोधला. मग म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही पाहा."

लहानू मिस्त्रीला पट्टी नको होती. गोल करवतीचं लोखंडी टेबल ही शेडमधली सगळ्यात सपाट जागा. त्यावरचा भुसा त्याने बाहीने साफ केला, फळी ठेवली आणि एकेका कोपऱ्यावर अंगठा दाबत गेला. थोडाही पीळ असता तर टक् आवाज आला असता. पहिला कोपरा. दुसरा. पुरुष आपली कामं सोडून उभे होते. तिसरा. कांताबाईने तोंडावर पदर धरला होता. चौथ्या कोपऱ्यावर त्याने सगळं वजन टाकलं.

आवाज आला नाही. त्याने फळी उलटवली आणि दुसऱ्या बाजूने तेच केलं. मग चारी कडांना जाडी मोजली.

"एक इंच," तो म्हणाला. "चारीकडून एक इंच." आणि कौसल्याकडे पाहून, "कडुनिंब हातानं? मी पंधरा वर्षांत केला नाही वं."

मॅडम फळीवर तळवा ठेवून उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "कोणी केलं हे?"

"आमच्याच कारखान्यातलं काम हाये, मॅडम," धर्मेंद्र म्हणाला.

"मी केलं," कौसल्या म्हणाली. तिचा आवाज मोठा निघाला, तिला वाटला होता त्याहून मोठा. "मी अन् माझ्या घरच्यानं."

धर्मेंद्रने घसा साफ केला. "हो, हिनंच. आता हे पालिश पेपरनं घासून घे कौसल्या, म्हणजे मॅडमले…"

"याले पालिश पेपर लागत नाही. हात फिरवून पाहा."

त्याने फिरवला. "बरं बापा," तो म्हणाला. "उद्यापासून उभी राह्य बाकड्यापाशी."

"उद्या काहून? सोमवार त आज हाये."

कोणीतरी हसलं, पण हे हसणं वेगळं होतं. लहानू मिस्त्रीने आपल्या लांब बाकड्यावरच्या पटाश्या, हातोड्या आणि खिळ्यांचे डबे दोन्ही हातांनी एका बाजूला सारले. अर्धं बाकडं मोकळं झालं. कौसल्याने पिशवीतून बापाचा रंधा काढला आणि तिथे ठेवला. ती रडली नाही. आज तिला रडायला वेळ नव्हता; समोर दाराच्या चौकटीचा पाय पडला होता.

बाहेर टपरीवर प्रेमानंद दुसरा चहा पीत होता. आतून रंध्याचा आवाज येऊ लागला तसा त्याचा चहा हातातच राहिला. तो आवाज त्याला दहा रंध्यांतून ओळखू आला असता. टपरीवाल्याने त्याच्या हातांवरचे घट्टे पाहिले आणि सहज विचारलं, "नवीन मिस्त्री आले काय गा तुम्ही?"

"नाही गा," प्रेमानंद म्हणाला. "मिस्त्री आत हाये. मी तिले सोडायले आलो."